पन्हळीपासून मागे

२८ जून, अहमदपूर

गौरूच्या अप्पांस,

फोन केला की तुम्ही ‘हं’ म्हणता आणि तो तुमच्या आईंच्या हातात देता. नांदेडच्या स्टँडवर तर तेवढंही नाही. म्हणून लिहिते आहे. उद्या तिथंच गौरूला तुमच्याकडे सोपवेन तेव्हा हा कागद तिच्या दप्तराच्या मागच्या कप्प्यात असेल. वाचलाच पाहिजे असं नाही. शाळेची टाचणं काढून काढून माझा हात लिहिण्यावर बसलाय, तो आपोआप चालतो.

बैठकीत ठरलं तसे माझ्याकडचे पहिले पंधरा दिवस संपले. तुमचे ईश्वरप्पाकाका आणि आमचा बसवंतदादा, दोघांनी मिळून लेकराची वाटणी मोठ्या शहाणपणानं केली. दिवाळीपर्यंत पंधरा दिवस आईकडे, पंधरा दिवस बापाकडे. पाडव्याला पुन्हा बसायचं आणि पोरगी जिथं रमली असेल तिथं तिला कायमची ठेवायची. त्या दिवशी चहा चांगला झाला होता. मला तेवढंच आठवतं.

तिचं नाव माझ्या वर्गात घातलंय. तुमच्याकडे असताना ती गल्लीतल्या शाळेत नुसती बसेल, तसं तुमच्या आई म्हणाल्या. माझ्या शाळेचं तुम्ही विचारणार नाही, तरी सांगते. लेक कुठं बसते ते बापाला माहीत असावं.

यंदा मी वर्गातल्या ओळी मोडल्या. पहिली आणि दुसरी एकत्र, शिकवायला मी एकटी, आणि खोली कोणती मिळाली, तर पूर्वी जिथं पोरांची खिचडी शिजायची ती. भिंती धुऊन घेतल्या, फोडणीचा वास काही गेला नाही. मधोमध एक भलंमोठं जुनं जातं आहे. त्याची तळी जमिनीत बसवलेली, काढायची तर फरशी फोडावी लागेल. एका भिंतीला हात धुवायची जागा आणि तिथलं पाणी बाहेर नेणारी उघडी पन्हळ. आमचे मुख्याध्यापक शेषेराव सर म्हणाले, “मॅडम, खोली हाय ही. तुमाला दुसरी कुठून आणू?” मी म्हटलं, राहू द्या.

तर चार कोपऱ्यांत चार सतरंज्या टाकल्या. दारातून आत आलं की गोष्टींचा कोपरा, मग मोजणीचा, मग मातीचा, आणि शेवटी पन्हळीच्या अलीकडे पाण्याचा. तिथून पन्हळ ओलांडली की पुन्हा गोष्टींचा. पोरांचे चार गट पाडले. जोंधळा, तूर, करडई आणि मूग अशी नावं त्यांनीच ठेवली. मधल्या जात्यावर मी घंटी ठेवली आहे. घंटी वाजली की हातातलं तसंच ठेवून उठायचं आणि पुढच्या सतरंजीवर जायचं. रडायचं नाही, “बाई, थोडंच राहिलंय” म्हणायचं नाही. एका गटाला मी शिकवते, बाकीचे तीन गट आपापलं करतात. पहिले तीन दिवस माझ्या नाकी नऊ आले. आता गाडं चालू लागलंय.

घंटी आपल्या देव्हाऱ्यातली आहे. निघताना तेवढीच उचलून आणली होती. तुमच्या आईंना सांगा, हरवलेली नाही.

गौरू तूर गटात आहे. वर्गात मला ‘बाई’ म्हणायचं आणि घरी ‘आई’, हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं. एकदाही चुकली नाही. मातीच्या कोपऱ्यात तिनं एक पाळणा करायला घेतला होता. दोन बाजू उभ्या केल्या आणि घंटी झाली. तशीच उठली. बाकीची पोरं मागं वळून बघत बघत जातात, ही बघत नाही. मला बरं वाटलं. शहाणी आहे.

मोजणीला चिंचोके कमी पडतात. तुमच्या आडतीवर चिंच येते ना. असू द्या, मी बघते कुठून तरी.

बाळ गेलं तेव्हा मी रडले नाही आणि सुटी शिल्लक असताना शाळेवर हजर झाले, हे तुम्ही बैठकीत चार माणसांत सांगितलंत. खरं आहे. त्याचं बारसंही व्हायचं होतं. दवाखान्याच्या पायरीवर तुम्ही मला विचारलंत, “तुला काहीच वाटत नाही का गं?” मी तेव्हाही शोधत होते, काही सापडलं नाही. अजूनही सापडत नाही. तुम्हाला खोटं रडून दाखवणं मला जमलं असतं, पण ते तुम्ही ओळखलं असतं.

गौरूला पोळीबरोबर गूळ लागतो. पहिल्यासारखा नाही, थोडाच.

गौरूची आई

२६ जुलै, अहमदपूर

गौरूच्या अप्पांस,

चिंचोके मिळाले. दप्तरात खाली पिशवी होती. धुऊन, वाळवून, किडके वेगळे काढून. म्हणजे तुम्ही वाचलंत. आभार मानत नाही, तुम्हाला ते आवडत नाहीत.

त्या दिवशी स्टँडवर तुम्ही पेपरच्या स्टॉलपाशी उभे होतात आणि मी चौकशीच्या खिडकीपाशी. मधलं अंतर गौरू एकटी चालत आली. तुम्ही हात वर केलात तो मला की तिला, ते कळलं नाही. मी काही हात हलवला नाही. मग तुमची गाडी धर्माबादला आणि माझी अहमदपूरला. गेल्या वर्षीपासून मी नांदेडच्या पुढं गेलेले नाही, हे त्या दिवशी गाडीत बसल्यावर ध्यानात आलं. नांदेडपर्यंत यायचं आणि मागं फिरायचं.

आता एक सांगायचं आहे आणि ते तक्रार म्हणून घेऊ नका. गौरू वर्गात काही सुरू करत नाही.

आधी मला वाटलं, प्रवासानं थकली असेल. तसं नाही. मातीचा गोळा घेते आणि मांडीवर ठेवून बसते. मी विचारलं, “का गं?” म्हणाली, “बाई, घंटी होईल ना.” मी म्हटलं, अजून पुष्कळ वेळ आहे. म्हणाली, “मग होईल.” गोष्टीचं पुस्तक उघडत नाही, कारण शेवट राहतो. चिंचोके मोजायला घेत नाही. पाण्याच्या कोपऱ्यात बाकीची पोरं गडव्यानं टबात, टबातून बाटलीत असं ओततात, कपडे भिजवून घेतात, ही कोरडीच्या कोरडी. घंटी झाली की मात्र सगळ्यांत आधी उठते. बाहेरून कुणी पाहिलं तर म्हणेल, काय शिस्तीची पोरगी आहे. शेषेराव सर म्हणालेच, “मॅडम, तुमचीच दिसून राहिली.”

घरीही तेच. कपडे दप्तरातून काढू देत नाही. मी कपाटात एक खण रिकामा करून दिला तर म्हणाली, “राहू दे की आई, परत भरावं लागतंय.”

मी लेकरांत उभी जिंदगी काढली आहे. हा हट्ट नाही आणि आळसही नाही. ती रडली असती तर मी तिला गप्प केलं असतं, ते मला येतं. ती रडत नाही. कुणावर गेली ते तुम्हाला सांगायला नको.

पाडव्याला ईश्वरप्पाकाका तिला मांडीवर घेऊन विचारतील, “बाळा, तू कुठं रमतीस?” ती म्हणेल, कुठंही. मग काय करणार आहेत ते? मला भीती वाटायला हवी. मी वह्या तपासत बसते.

तुमच्याकडे ती काही सुरू करते का, एवढं कळवा. लिहायचं नसेल तर आईंना फोनवर सांगायला सांगा.

गौरूची आई

२३ ऑगस्ट, अहमदपूर

गौरूच्या अप्पांस,

तुमच्या आईंचा फोन आला. “तिकडंबी तसंच हाय बाई. भातुकली मांडून दिली तर नुसती बघत बसती.” म्हणजे दोष तुमचा नाही आणि माझाही नाही. किंवा दोघांचाही आहे. असो.

या खेपेला सांगण्यासारखं घडलं. तुम्हाला हसू येईल.

श्रावणी सोमवारी शाळा सकाळची होती. पोरं पहाटे महादेवाला जाऊन, कपाळाला भस्म लावूनच आली होती. मी घंटी वाजवली. मूग गट पाण्याच्या कोपऱ्यात होता. त्यांनी पन्हळ ओलांडून गोष्टींच्या सतरंजीवर जायचं. दोन पावलांचं काम. त्या गटाची पुढारी दीपमाला स्वामी. तिचे आजोबा गावातल्या महादेवाची पूजा करतात आणि ती स्वतःला अर्धी पुजारी समजते. ती पन्हळीपर्यंत आली, थांबली, मागं फिरली आणि अख्खा गट घेऊन उलटी निघाली. मातीच्या कोपऱ्यातून, मोजणीच्या कोपऱ्यातून, सगळी खोली फिरून गोष्टींच्या सतरंजीवर. समोरून बाकीचे गट येत होते. चिंचोके सांडले, करडई आणि मूग यांची टक्कर झाली, एकाचा दात हलत होता तो पडला.

“दीपमाला, असं का?”

“बाई, महादेवाचं पानी वलांडत नसतेत.”

“इथं कुठला महादेव?”

तिनं जात्याकडं बोट केलं. “ह्यो की.”

मी बघितलं. काळं गोल जातं, मधे खुंटा, समोर मी माझ्या हातानं ठेवलेली देव्हाऱ्यातली घंटी, आणि उत्तरेला वाहत जाणारी पन्हळ. खुंट्याशी कुणीतरी बेलाचं पानही खोचलं होतं. महादेवाला पूर्ण फेरी नसते, पन्हळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं मागं यायचं, हे आपल्याकडं पोरांना चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. रोज इष्टलिंग पूजणाऱ्या घरात वाढलेल्या बाईनं शाळेत देऊळ मांडलं आणि तिलाच ते दिसलं नाही. जूनपासून बिचारी पोरं माझ्या भीतीनं ते पाणी ओलांडत होती. श्रावण आला तेव्हा महादेवाची भीती जास्त झाली.

मी घंटी कपाटात ठेवली. पोरं म्हणाली, देव निजला. घंटी पुन्हा जात्यावर ठेवली आणि पन्हळीवर लाकडी फळी टाकली. म्हणाली, फळीखालून पाणी जातंयच की. मग मी ओरडले. वर्गात मी सहसा ओरडत नाही. पोरं खाली मान घालून उभी राहिली आणि घंटी झाल्यावर पुन्हा मागं फिरली. गौरूही त्यांच्यात होती, खाली मान घालून, तोंडावर काही नाही.

शेषेराव सर आवाज ऐकून आले. “मॅडम, हे काय होऊन राहिलंय? एक गट पुढं, एक गट मागं. साहेब आले तर मी काय सांगू, शाळेत महादेव निघाला म्हणून?” मी म्हटलं, काढते मी काहीतरी तोड. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच चपला दाराबाहेर काढून आत आले.  

तोड काही निघेना, तेव्हा मागं फिरायला मोकळीक दिली. प्रत्येक गटाला पाण्याचा कोपरा झाला की सगळी खोली मागं चालत यावं लागतं. चालताना पोरं जुन्या सतरंज्यांपाशी रेंगाळायला लागली. सकाळी अर्धी टाकलेली चिंचोक्यांची रांग कुणी पुरी केली, कुणी पुस्तकाचं राहिलेलं पान बघून घेतलं. मी बघत होते आणि माझी चिडचिड चालूच होती, कारण वेळापत्रक कोलमडत होतं.

परवा तूर गटाची पाळी आली. मातीच्या कोपऱ्यावरून मागं जाताना गौरू थांबली. भिंतीच्या कोनाड्यात तिचा जूनमधला पाळणा होता, वाळून टणक झालेला, एक बाजू पडलेली. मी तो टाकून कसा दिला नव्हता, मलाच माहीत नाही. तिनं तो दोन्ही हातांत घेतला.

“बाई, हे माझं होतं.”

“हो.”

“परत येता येतंय व्हय?”

मी म्हटलं, येतं.

मग ती तिथंच बसली. गट पुढं गेला, ही बसली. मी तिला उठवलं नाही. उद्या तिला तुमच्याकडे पाठवायचं आहे आणि पाळणा इथंच ठेवून जायला ती तयार झाली आहे. फक्त मला तीनदा विचारलं, “तू टाकणार न्हाईस ना?”

मी टाकणार नाही.

गौरूची आई

२० सप्टेंबर, अहमदपूर

गौरूच्या अप्पांस,

वर्गाची रीत आता बदलली आहे. पन्हळीवर टाकलेली ती फळी मी भिंतीला ठोकून घेतली. तिला पोरं ‘अपुऱ्याची फळी’ म्हणतात. घंटी झाली आणि हातातलं राहिलं तर ते आपल्या नावाची चिठ्ठी लावून फळीवर ठेवायचं. पाण्याच्या कोपऱ्यातून मागं येताना थांबायचं, आपलं राहिलेलं उतरवायचं आणि करायचं. मातीची कामं ओल्या गोणपाटाखाली राहतात. साहेब येऊन गेले. त्यांनी विचारलं, “हे उलटं कशाला?” शेषेराव सर पुढं होऊन म्हणाले, “सर, ही आमची पद्धत हाय.” मी दुसरीकडं तोंड फिरवलं, नाहीतर हसू आलं असतं. हसू येण्यासारखं बऱ्याच दिवसांत काही झालं नव्हतं.

गौरू तुमच्याकडून आली ती स्टँडवरच विचारत, “पाळणा हाय का?”

वाळलेली माती जुळत नाही. नवीन बाजू लावली की सुकल्यावर तडकून पडते. मी तिला हे दोनदा दाखवलं. मग तिनं अख्खा पाळणा पाण्याच्या टबात सोडला. पोरं ओरडली, मोडला, मोडला. ती टबाशी उकिडवी बसून तो विरघळताना बघत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच मातीचा पुन्हा करायला घेतला. बाह्या वर सारून, कोपरापर्यंत हात बरबटवून. घरी कपाटातल्या खणात तिचा एक फ्रॉक आहे आता. तिनंच ठेवला.

बुधवारी तो झाला. चारही बाजू, खाली गोल बूड, आणि दोरी ओवायला दोन भोकं. मी जात्यापाशी बसले होते, तिथं घेऊन आली. मी बाईंसारखं विचारलं, “छान. यात कोण निजणार?”

“आपलं बाळ.”

वर्गात ती मला पहिल्यांदा ‘आपलं’ म्हणाली. मला वाटलं तिथंच थांबेल. ती माझ्यासमोर बसली आणि नीट, हिशेब समजावून सांगावा तशी बोलली. “ते धर्माबादला हाय ना. अप्पा मला घेऊन जातेत तिथं. मी इकडं आले की ते एकटंच राहतंय. अप्पा आडतीवर जातेत. तू तर येतच न्हाईस.”

मी म्हटलं, “बाळाला कळत नाही आता.”

“मला कळतंय की,” ती म्हणाली.

मी रडले. इथं लिहिताना नुसता एक शब्द आहे, तिथं तसं नव्हतं. पदर तोंडात धरला तरी आवाज यायचा तो आला. पोटातून यायचा आणि मला तो माझा वाटत नव्हता. घंटीची वेळ होऊन गेली आणि मला उठता येईना.  मग दीपमाला आली, माझ्या डोक्यावरून हात लांबवून तिनं घंटी वाजवली. चारही गट उठले. राहिलेलं फळीवर ठेवलं. पाण्याचा गट मागच्या वाटेनं निघाला. जाताना एकेकानं माझ्याकडे बघितलं, पण थांबलं कुणी नाही, कारण मीच त्यांना तसं शिकवलं आहे. सगळे आपापल्या सतरंजीवर जाऊन बसले. नवीन पान उघडलं, चिंचोके मोजले. गौरू तेवढी माझ्यापाशी राहिली. तिचे हात मातीचे होते म्हणून तिनं मला कोपरानं थोपटलं.

तुम्हाला दाखवायला हे लिहीत नाही. तुम्ही पायरीवर विचारलं होतंत म्हणून लिहिते. मला वाटतं. खूप वाटतं. ते इतके दिवस कुठं होतं, माहीत नाही. आता ते रोज येतं, भाजी चिरताना, फळा पुसताना, आणि मला नीट जगता येत नाही. पूर्वी जमत होतं.

बाळाला मातीत ठेवलं तिथं तुम्ही गौरूला नेता हे मला कधी सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी काय म्हटलं असतं, कुणास ठाऊक. ‘हं’ म्हटलं असतं.

मंजुश्री

१७ ऑक्टोबर, अहमदपूर

अहो,

हे पत्र दप्तरातून नाही, आमच्या शाळेत येणाऱ्या तुमच्या धर्माबादच्या पुस्तकवाल्याच्या हाती पाठवते आहे, म्हणजे आज संध्याकाळी मिळेल. उद्या आम्ही निघायच्या आत तुम्ही ते वाचायला हवं.

मागच्या खेपेला स्टँडवर तुम्ही पेपरच्या स्टॉलपासून चालत चौकशीच्या खिडकीपर्यंत आलात. पाण्याची बाटली पुढं केलीत आणि म्हणालात, “घे.” मी प्यायले.   गौरू आपल्या दोघांकडं बघत होती आणि तिनं तुमचं बोट सोडून माझं धरायला बराच वेळ लावला, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

पाडव्याची बैठक मोडा. ईश्वरप्पाकाकांना तुम्ही सांगा, बसवंतदादाला मी सांगितलं आहे. तो माझ्यावर चिडला. म्हणाला, “आपली बाजू भक्कम असून तू हातपाय गाळून राहिलीस.” त्याचं बरोबर आहे. नाव माझ्या शाळेत आहे, पोरगी माझ्याकडे हसायला खेळायला लागली आहे, पंचांनी विचारलं तर ती माझंच नाव घेईल. जिंकता आलं असतं.

गौरूला धर्माबादला राहू द्या. कायमचं.

शाळा सोडल्याचा दाखला मी माझ्या अक्षरात भरला आणि शेषेराव सरांची सही घेतली. पट एकानं कमी झाला म्हणून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग पेन माझ्या हातून घेऊन सही केली. “लेकरू तुमचं हाय मॅडम, पण वर्गाचंबी होतं,” म्हणाले. कारणाच्या रकान्यात आम्ही नेहमी ‘पालकांच्या इच्छेनुसार’ लिहितो. तेच लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलंय, तुम्हाला दिसेलच.

ती तिकडं राहील ती तुमच्यासाठी नाही. रागावू नका. तिला इकडं आणलं की तिच्या डोक्यात बाळ एकटं पडतं, आणि ती जिथं असेल तिथं अर्धीच असते. तिला एका जागी बसून काहीतरी पुरं करू द्या. फिरायचं असेल तर मी फिरेन, मला सवय आहे. दर शनिवारी शाळा सुटली की निघेन, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत येईन. पूर्वी यायचे तशी. मला कुठं निजायला द्यायचं ते तुमच्या आईंनी ठरवावं. ओसरीवर दिलं तरी चालेल.

आपल्या दोघांचं काय व्हायचं, ते मला माहीत नाही. ते आत्ताच ठरवू नका. अपुऱ्याच्या फळीवर राहू द्या, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून आणि माझ्याही.

एक मागणं आहे. मला बाळापाशी घेऊन चला. त्याला नेलं त्या दिवशी बाई माणसानं यायचं नाही म्हणाले, आणि मी आतल्या खोलीत बसून राहिले. तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्या पायांना माती होती. मी पाणी आणून दिलं आणि विचारलं, “जेवायला वाढू का?” तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते मला अजून दिसतं. मला खरंच कळलं नव्हतं दुसरं काय विचारायचं असतं.

काल वर्गात गौरूचा शेवटचा दिवस झाला. निरोपाचं काही केलं नाही, पोरं उगाच रडतात. ती तूर गटाबरोबर चारही कोपरे फिरली, पन्हळीपाशी आली, मागं वळली आणि सगळ्या सतरंज्यांवरून हळूहळू परत आली. फळीवर तिचं आता काहीही राहिलेलं नाही. दीपमालानं तिला विचारलं, “मग तू पुन्हा कशाला येशील?” गौरू म्हणाली, “बाईंला आणायला.”

पाळणा वाळला आहे, पण भाजलेला नाही. दप्तरात घातला तर फुटेल. म्हणून माझ्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळला आहे. गाडीत तो मांडीवर ठेवायचा, एका बाजूनं तिनं धरायचा आणि एका बाजूनं मी, असं आमचं ठरलं आहे.

तेव्हा उद्या नांदेडच्या स्टँडवर येऊ नका. आम्ही दोघी तिथं उतरणार नाही, धर्माबादपर्यंत येतो आहोत.

मंजुश्री